पहिल्या क्लिकला थांबायचं

३ मार्च

आत्या,

फोनवर आपलं जमत नाही हे गेल्या वेळी कळलं. मी "गाडी घेतली, गाडी!" म्हणून घसा फाडून ओरडत होते आणि तू विचारत होतीस, "दाढी? कोणी वाढवली?" शेजारच्या काकूंना कळलं, समोरच्या न्हाव्याला कळलं, तुला तेवढं कळलं नाही. म्हणून आईने सुचवलं की पत्र लिही. तिला म्हणे तुझं अक्षर बघूनही बरीच वर्षं झाली.

तर, गाडी घेतली. जुनी, करड्या रंगाची, लहानशी. मागचा डावा दरवाजा फक्त आतून उघडतो. पण इंजिन चांगलं आहे आणि मुख्य म्हणजे आता बाळंतिणींच्या घरी जायला मला आरोग्य केंद्राच्या व्हॅनची वाट पाहावी लागत नाही. आठवड्याला वीस-बावीस घरं होतात. कुठे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचे, कुठे नव्या बाळाचं वजन करायचं, आणि कधीमधी घरीच बाळंतपण. तुझी भिंगरी आता खरंच भिंगरीसारखी फिरते.

काल चार नवे टायर घातले. टायरवाल्याने हवेच्या गनने टर्रर्र करून सगळे नट आवळले आणि म्हणाला, "झालं." मी विचारलं, "किती आवळलेत?" तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "भरपूर."

मला तू आठवलीस. बस वर्कशॉपात एकतीस वर्षं चाकांवर काढलेली बाई माझी सख्खी आत्या, आणि मी "भरपूर" ऐकून पैसे देऊन घरी येते, हे काही बरोबर नाही. येताना सरळ दुकानात गेले आणि एक टॉर्क पाना घेतला, नट ठरल्या आकड्याइतकाच आवळायचा. लांब दांडा, खाली आकडे, पेटीत असा झोपवलाय की उचलताना मान धरावीशी वाटते. त्याचं काय करायचं ते मात्र मला माहीत नाही. नीट, अगदी पहिल्यापासून सांग.

बाबांना विचारलं असतं, पण गाडीचा विषय काढला की ते वर्तमानपत्र उघडतात.

तुझी,
भिंगरी


८ मार्च

भिंगरे,

दाढीचा खुलासा झाला, बरं वाटलं. मी चार दिवस विचार करत होते की तुझ्या बाबाने या वयात हे काय काढलंय.

टायरवाल्याचं "भरपूर" मला पाठ आहे. आमच्याकडेही असे दोघे होते. एक म्हणायचा "मस्त बसलंय", दुसरा म्हणायचा "आता हत्तीने ओढलं तरी निघणार नाही". अगं, हत्तीने काढायचंय का ते? रस्त्यात पंक्चर झालं तर तुला काढायचंय.

आता ऐक. वाचून ठेवून देऊ नकोस, गाडीपाशी घेऊन जा.

गाडीच्या पुस्तकात चाकाच्या नटांचा आकडा दिलेला असतो. तोच खरा. मी सांगते तो नाही, शेजारी सांगतो तो तर मुळीच नाही. लहान गाडीला बहुधा शंभर ते एकशेवीस न्यूटन-मीटरच्या आत-बाहेर असतो. पान्याचा दांडा फिरवून तो आकडा लाव.

चाक बसतं ती जागा आणि स्टड, म्हणजे ज्यांच्यावर नट चढतात ते दांडे, तारेच्या ब्रशने कोरडे साफ कर. तेलाचं बोट लावू नकोस. तेल लावलं की नट निसटत जातो, आणि आकडा तोच दिसला तरी स्टड भलताच ताणला जातो. नट आधी बोटांनी चढव. बोटांनी चढत नसेल तर तो वाकडा बसतोय. काढ, परत लाव. दुसऱ्याशी भांडावं तसं नटाशी भांडायचं नाही.

मग साध्या पान्याने टेकतील इतपत आवळ. एका पाठोपाठ एक गोल नाही, एक सोडून एक, चांदणी काढतो तशी. नाहीतर चाक एका बाजूला कलून बसतं. जॅक उतरव, टायर जमिनीला टेकू दे, आणि मग टॉर्क पाना घे. आधी अर्ध्या आकड्यावर एक चांदणी, मग पूर्ण आकड्यावर दुसरी. दांड्याला शेवटाशी, मुठीत धरून सावकाश दाब दे. झटका नको. क्लिक होईल. पहिल्या क्लिकला थांबायचं. "अजून एकदा, खात्रीसाठी" म्हणून दुसरा क्लिक घेतात ना, त्यांना मी वर्कशॉपात चहा देत नसे.

त्या पान्याने नट कधी सोडवायचे नाहीत. काम झालं की आकडा परत खाली आणून ठेवायचा, आतल्या स्प्रिंगला विश्रांती लागते. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचं. आणि शेवटचं: प्रत्येक नटावरून रिमवर जाईल अशी पांढरी रेघ ओढून ठेव. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते.

मला तो क्लिक आता ऐकू येत नाही. हवेच्या गनांनी कान नेले. पण मनगटाला कळतो, अजूनही. वर्कशॉपात मला क्लिकबाई म्हणायचे, पाठीमागे. पाठीमागे म्हणायचे म्हणून आधी चिडायचे. मग निवृत्तीच्या दिवशी त्यांनी केकवर तेच लिहिलं.

वहिनीला सांग, माझं अक्षर आहे तसंच आहे. बाबाला पत्राचं मुद्दाम सांगायची गरज नाही. विचारलं तर सांग.

आत्या


१६ मार्च

आत्या,

केलं! रविवारी सकाळी, घरासमोर, तुझं पत्र वायपरखाली अडकवून. पुस्तकात आकडा एकशेदहा निघाला. टायरवाल्याचं "भरपूर" सोडवायला मला आणि न्हाव्याला मिळून पाऊण तास लागला. न्हावी म्हणाला, "एवढा जोर मी आयुष्यात कशालाच लावला नाही," आणि घरी जाऊन आडवा झाला.

पहिला क्लिक झाला तेव्हा मी दचकून पाना सोडला. मला वाटलं काहीतरी मोडलं. दुसऱ्याला हसले. विसाव्यापर्यंत अशी सरावले की संपल्यावर वाईट वाटलं. आई पायरीवर बसून मोजत होती. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत वर्तमानपत्र धरून उभे होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेवटी बाहेर आले.

"एवढंच?" म्हणाले.

"एवढंच. क्लिक झाला ना."

"क्लिक झाला म्हणे." चाकाभोवती एक फेरी मारली, बुटाने टायरला ढोसलं आणि आत गेले.

पांढऱ्या रेघा ओढल्या. अगदी सरळ, नखांना लावायच्या पांढऱ्या रंगाने. चाकं कशी नटल्यासारखी दिसतात.

आणि आता गंमत. गुरुवारी शंभर किलोमीटर झाले म्हणून तपासायला बसले, तर विसापैकी अठरा रेघा तुटलेल्या! नटावरचा तुकडा पुढे, रिमवरचा मागे. मी पाना लावला की नट जागचा हलायच्या आधीच क्लिक. मला काही कळेना. माझ्या हातून ढिले राहिले म्हणावं, तर ढिले लागत नाहीत. नट आपोआप फिरतात का गं? का मी आकडा चुकीचा लावला? दुपारी एका घरी बाळाचं वजन करताना माझं लक्षच नव्हतं, बाळाच्या आजीने विचारलं, "वजन कमी आहे का हो?" मी म्हटलं, "नाही हो, माझ्या रेघा तुटल्यात." तिने मला बसायला खुर्ची दिली.

लवकर लिही.

भिंगरी


१९ मार्च

भिंगरे,

पत्र दुपारी मिळालं, लगेच लिहितेय.

नट आपोआप फिरले तर मागे फिरतात, म्हणजे सुटायच्या दिशेला. तुझे पुढे गेलेत. म्हणजे कोणीतरी तुझ्या मागे ते आणखी आवळलेत. किती, ते बघायचं तर पान्याचा आकडा थोडा थोडा वाढवत जा. ज्या आकड्याला नट जरासा हलेल, साधारण तितका तो आवळलेला आहे. माझा अंदाज सांगू? दोनशेच्या वर जाईल.

आणि कोण, तेही मला माहीत आहे. घरात साधा चाकपाना आहे का, आणि त्याच्या दांड्यावर चढवायला एखादा लोखंडी पाइप? तुझा बाबा तो पाइप लावून वर उभा राहत असणार. भूगोलाचा मास्तर असला तरी नव्वद किलोचा आहे.

हे बरं नाही, ते का तेही समजून घे. स्टड हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. योग्य ताणला की चाकाला धरून ठेवतो. जास्त ताणला की त्याच्यातला जीव जातो, मग एक दिवस मोडतो. ब्रेकची तबकडी वाकते ती वेगळीच.

पण त्याला काही बोलू नकोस. हे मी सांगतेय म्हणून ऐक. काही माणसांना खात्री करून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, आणि तुझ्या बाबाला तसं वाटायचा हक्क आहे. तू गुपचूप सगळे सोडव, परत एकशेदहावर आवळ, आणि तो चाकपाना गाडीत डिकीत टाकून कुलूप लाव. पाइप दिसला तर तोही.

नखांच्या रंगाची कल्पना चांगली आहे. आम्हाला सुचली नव्हती.

आत्या


३१ मार्च

आत्या,

तू सांगितलंस तसं केलं. सोडवले (एकशेनव्वदला हलले, तुझा अंदाज थोडाच चुकला), परत आवळले, रेघा नव्याने ओढल्या, पाना डिकीत टाकला, बाबांना एक शब्द बोलले नाही. मग काय झालं ते वाच.

परवा दुपारी दोनला फोन आला. लाकडाच्या वखारीपलीकडची बाई, दुसरं बाळंतपण, कळा पाच-पाच मिनिटांनी. मी निघाले. वखारीच्या अलीकडे दोन किलोमीटरवर पुढचं डावं चाक बसलं. पंक्चर. मला काही वाटलं नाही. स्टेपनी आहे, जॅक आहे, वीस मिनिटांचं काम. मग रेघांकडे बघितलं. पाचही तुटलेल्या.

बाबांनी नवा पाना विकत आणला होता आत्या! मला न सांगता.

पहिले तीन नट मी पान्यावर उभी राहून, उड्या मारून काढले. चौथ्याला पाना निसटला आणि नडगीवर असा बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाचवा हलला, मी खूश झाले, आणि कडाक! नट माझ्या पायाशी पडला, आत स्टडचा अर्धा तुकडा. मोडलाच. चौथा तर तसाच चिकटलेला. फोनवर त्या बाईची सासू विचारतेय, "कुठपर्यंत आलात?" काय सांगू? वखार दिसतेय, मी पोचत नाही.

शेवटी बॅग घेऊन धावत सुटले. अर्धा किलोमीटर गेल्यावर मागून पावाची व्हॅन आली. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले, हात पसरून. पाववाला काही विचारायच्या आधीच मी आत बसले होते. त्याने तीन दुकानं सोडून दिली आणि मला थेट दारात उतरवलं.

मी हात धुतले आणि बारा मिनिटांत बाळाचं डोकं दिसलं. मानेभोवती नाळेचा वेढा होता, तो बोटाने सोडवून डोक्यावरून काढला. मुलगी. आधी निळसर, मग एकदम लालबुंद, आणि आवाज असा की बाहेर उभ्या पाववाल्याने हॉर्न वाजवला. सगळं छान झालं. पण आत्या, बारा मिनिटं. पाववाला आला नसता तर?

घरी आले ती चिडूनच. बाबा फाटकाशीच होते. मी म्हटलं, "बाबा, माझी चाकं तुम्ही आवळता?" मग सगळं सांगितलं, नडगी दाखवली, मोडका स्टड हातात दिला. मला वाटलं ओरडतील. ते पायरीवर बसले, त्या तुकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ढिली राहिली असती तर?" बस, एवढंच. जेवले नाहीत.

आई मला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "ते चाक अजून यांच्या डोक्यातून गेलं नाही." मी पाच वर्षांची असताना आपल्या गाडीचं चाक निघालं होतं, ते. मला त्यातलं एकच आठवतं. काचेतून समोर बघतेय आणि एक चाक आमच्या पुढे पळत चाललंय. मी टाळ्या वाजवल्या होत्या. मग गाडी शेतात, आणि आईचा हात गळ्यात बांधलेला. आई म्हणाली, त्या सकाळी तू घरी आली होतीस, चाकं तुम्ही दोघांनी मिळून बसवली होती. आणि त्यानंतर तू राहायला कधी आली नाहीस.

बाबा तुझ्यावर रागावलेत का? म्हणून तू म्हणालीस, त्याला बोलू नकोस?

गाडी गॅरेजमध्ये आहे. मेकॅनिकने त्या चाकाचे पाचही स्टड बदलायला काढले. म्हणतो, सगळे ताणले गेलेत.

भिंगरी


४ एप्रिल

भिंगरे,

नडगीला बर्फ लाव. आणि त्या पाववाल्याकडून मी जिवंत असेपर्यंत पाव घेत जा.

बाबा रागावलाय का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही, कारण रागावला असेल तर बरोबरच होतं. आता लिहितेच, बावीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी तुम्ही तिघं फिरायला निघणार होता. मी आदल्या दिवशी आले होते. सकाळी नवे टायर आले, आम्ही दोघं अंगणात बसलो. तीन चाकं मी आवळली. चौथं, पुढचं डावं, तो म्हणाला, "ताई, हे मला करू दे, मला येतं." त्याने नट बोटांनी चढवले, पाना हातात घेतला. तेवढ्यात वहिनीने खायला हाक मारली. मी वर बघितलं तर पाना जमिनीवर होता. मी समजले, झालं. उठले आणि हात धुवायला गेले.

कळतंय का तुला? वर्कशॉपात दुसऱ्याने आवळलेल्या प्रत्येक चाकावर हात ठेवल्याशिवाय मी बस बाहेर जाऊ देत नव्हते. माझी सहीच तेवढ्यासाठी होती. आणि सख्ख्या भावाच्या गाडीला, ज्यात तू बसणार होतीस, मी हात लावला नाही. कारण काय, तर भूक लागली होती.

वहिनीचं हाड मोडलं. तुम्ही शेतात उतरलात म्हणून तेवढ्यावर निभावलं. पाच मिनिटं पुढे पूल होता. दवाखान्यात तुझा बाबा माझ्याकडे बघत नव्हता. मी समजले, हा मनातून मला दोष देतोय आणि चांगुलपणाने बोलत नाही. मग मीच येणं कमी केलं. लग्नकार्यात भेटलो, "कशी आहेस", "बरी आहे", संपलं. टॉर्क पाना मी त्याच महिन्यात हातात घेतला. तोपर्यंत मीही अंदाजानेच आवळायची, आणि माझा अंदाज चांगला होता.

मागच्या पत्रात मी तुला म्हटलं, त्याला बोलू नकोस. कारण बोललीस तर हे निघालं असतं. मी गप्प राहिले, आणि तू रस्त्यात उभी राहिलीस. हे दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा व्हायला नको.

हे पत्र त्याला दे. तू वाचून दाखवू नकोस, त्याच्या हातात दे.

आत्या


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मुलीने दिलं. मी ते चार वेळा वाचलं. पत्र लिहायची सवय राहिली नाही, तेव्हा मुद्द्याचं लिहितो.

चाक मी ढिलं सोडलं होतं. तू नव्हे.

मी नट बोटांनी चढवले, पाना लावणार तोच हाक आली, आणि मी पाना खाली ठेवला. खाऊन झाल्यावर आवळू असं ठरवलं होतं. खाताना तुम्ही दोघी हसत होता, पोरगी माझ्या खांद्यावर चढली होती. मी विसरलो. इतकं साधं आहे ते. दवाखान्यात मी तुझ्याकडे बघत नव्हतो, कारण मला बघवत नव्हतं. माझ्या हौसेपायी तुझ्या कामाला डाग लागला असं मला वाटत होतं. लोक विचारत होते, "बहीण चाकांचंच काम करते ना?" मी कोणाला खरं सांगितलं नाही. मग तू येईनाशी झालीस. मी म्हटलं, ताईला कळलंय, आणि तिने मला माफ केलेलं नाही.

त्या दिवसापासून मी कुठलीही गाडी बघितली की मला वाटतं, नट ढिले आहेत. मुलीने गाडी घेतली तेव्हापासून झोप नव्हती. रोज पहाटे उठून पाइप लावायचो. तिचं भलं करतोय असं वाटत होतं. त्या स्टडचा तुकडा माझ्या टेबलावर आहे.

तुझी भावजय बाजूला बसलीय. ती म्हणते, लिहा की मला वाटलं तुम्हा दोघा भावंडांना एकमेकांचा कंटाळा आला. आणि ती म्हणते, बावीस वर्षांत एकाने तरी तोंड उघडायचं होतं, हाड तर माझं मोडलं होतं.

ये ना. मला तो पाना वापरायला शिकव. पोरगी शिकवायला तयार आहे, पण ती फार हसते.

धाकटा


१२ एप्रिल

धाकट्या,

मूर्खा.

हा शब्द लिहून मी दहा मिनिटं बसले होते, मग पुढे लिहिलं. बावीस वर्षं मी समजत होते की चूक माझी, तू समजत होतास तुझी. दोघांची अर्धी-अर्धी होती रे. तू विसरलास, मी बघितलं नाही. एकाच पंगतीला बसून खात होतो, त्याच वेळी विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

लोक काय विचारत होते त्याची मला फिकीर नाही. वर्कशॉपात मी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं की हात मी लावला नाही. साहेब म्हणाले, "बाई, आता प्रत्येकाला टॉर्क पाना देऊ." दिला. नंतर आमच्या वर्कशॉपातून सुटलेल्या बसचं एकही चाक निघालं नाही. तेवढं तरी त्या दिवसाने केलं.

तो पाइप टाकून दे. नाही, टाकू नकोस, कुणी उचलून वापरेल. वहिनीला दे, झाडाला आधार लावेल.

मी महिनाअखेर येते. आठवडाभर राहीन. मला मोठ्याने बोलावं लागेल, घसा तयार ठेव. वहिनीला म्हणावं, तिच्या हाडाची माफी मी समोर येऊन मागणार आहे, पत्रात नाही.

ताई


८ मे

आत्या,

तू पोचून दोन दिवस झाले, आणि आमचं घर इतकं गप्प झालंय की न्हावी विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. आठवडाभर त्याला आमच्याकडचं सगळं बोलणं फुकट ऐकायला मिळत होतं.

केंद्रात अजून तुझाच विषय आहे. सहा नर्सा, व्हॅनचा ड्रायव्हर आणि मेट्रनबाई, सगळ्यांना अंगणात रांगेत बसवून तू प्रत्येकाकडून एकेक चाक करून घेतलंस. मेट्रनबाईंना आजवर कोणी "परत करा" म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दुसरा क्लिक घेत होत्या ना! पण काल त्या स्वतः पुस्तक काढून व्हॅनचा आकडा शोधत होत्या. आणि बाबा! सगळ्यांचे प्रश्न फळ्यावर लिहून तुला दाखवत होते, शुद्धलेखन सुधारून. ड्रायव्हर मला म्हणाला, "तुमचे बाबा शाळेत कडक असतील." मी म्हटलं, "काल रात्री जेवताना त्यांनी तीच चांदणी टेबलावर काट्याने काढून दाखवली मला."

बाबा आता पहाटे उठत नाहीत. दर पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही दोघं तपासायचं ठरवलंय. पहिल्या वेळी पाना त्यांनीच घेतला. पाचव्या नटाला क्लिक झाल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला, उभे राहिले आणि चाकाकडे पाठ करून सरळ घरात गेले. आई रडत होती आणि कांद्याला नावं ठेवत होती. कांदा अजून टोपलीतच होता.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती तू झोपलेली असल्यामुळे तुला माहीत नाही.

तुला बसस्टँडवर सोडायला निघालो तेव्हा बाबा म्हणाले, मी चालवतो. मी मागे बसले, तू पुढे. बाबांनी बावीस वर्षांत गाडी चालवलेली नाही हे तुला माहीत होतं, तरी तू नुसता पट्टा लावलास. पहिली दहा मिनिटं ते ताशी तीसने चालवत होते. मागे पाच गाड्या होत्या, एक तर सारखा हॉर्न वाजवत होता. तुला ऐकू येत नव्हतं ते बरं. बोलता बोलता तुझी मान कलली आणि तू झोपलीस. अगदी गाढ, तोंड उघडं टाकून.

बाबांनी एकदा तुझ्याकडे बघितलं, मग आरशातून माझ्याकडे.

स्टँड आलं. आम्ही तुला नंतर सांगितलं की बस चुकली, म्हणून तुझ्या घरापर्यंत सोडायला आलो. आत्या, बस चुकली नव्हती. समोर उभी होती. दार उघडं होतं, खिडकीजवळची जागा रिकामी होती, ड्रायव्हर चाकाला टेकून चहा पीत होता. मी म्हटलं, "बाबा, उठवू का?" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बस भरली, सुटली, आमच्या समोरून गेली. मग त्यांनी गाडी हळूच वळवली आणि तुझ्या गावच्या रस्त्याला घातली. तीन तासांचा रस्ता. आईला काय सांगायचं, पोहोचायला किती वाजणार, काही म्हणजे काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते मागे न बघता हलक्या आवाजात म्हणाले, "बघ, ताई माझ्या गाडीत झोपलीय."

गाडी माझी आहे. पण मी काही बोलले नाही.

तुझी,
भिंगरी